काष्टीचं स्थळ आणि कादंबरीतला तो

एकाहत्तर साल असावं. कोल्हारात आम्हा पोरींना एकाच कादंबरीनं वेड लावलं होतं. मी मॅट्रिक झालेली आणि घरात काष्टीच्या स्थळाची बोलणी चाललेली. मुलगा कांद्याची शेती करायचा. शी! कादंबरीतला तो पियानो वाजवायचा, आणि मला तसलाच हवा होता.

अण्णांपुढं, म्हणजे वडिलांपुढं, तोंड उघडायची माझी काय बिशाद! घरात ते ऐकायचे फक्त माझ्या थोरल्या वहिनीचं. म्हणून आधी तिलाच फितवायचं ठरवलं. दुपारी ती बियाण्याच्या शेंगा फोडायला बसली की मी कादंबरी वाचून दाखवायची. ऐकल्यावर तिलाच कळेल, काष्टी का नको ते.

कादंबरीतल्या दोघांच्या पहिल्याच भेटीला वहिनीनं मला थांबवलं. "आडनाव काय म्हनायचं त्याचं?"

"दिलेलं नाही."

"मामाचं गाव?"

"अगं वहिनी, तो तिच्या डोळ्यांत बघतोय!"

"बघू दे की. सोयरीक जुळती का न्हाई, ते आधी बघाय नको?"

पुढं तो चांदण्यात उसासे टाकायला लागला, तर म्हणते, "ह्याला कामधंदा काय हाय?" मला अस्सा राग आला! पण हळूहळू तीही गुंतली. हातातली शेंग तशीच धरून म्हणायची, "वाचा की वन्सं, लई भाव खाऊ नका."

आणि शेवट? लग्न तोंडावर आलेलं असताना हा बाबा कुणालाही न सांगता निघून गेला. कुठं, का, काही पत्ता नाही. पोरगी खिडकीत उभी, कादंबरी समाप्त. मी पुढचं पान शोधायला गेले, तर पुठ्ठाच लागला. रागानं मला रडूच फुटलं.

"मुडदा बशिवला त्याचा!" वहिनी कडाडली. "असल्यापायी तुमी काष्टीला न्हाई म्हनत हुता व्हय?"

मग काष्टीची मंडळी मला बघायला आली. नाव, शिक्षण, स्वयंपाक, सगळं विचारून झालं. शेवटी कुणीतरी म्हणालं, "मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू दे." असं म्हणायची नुसती रीत, मुलीनं खाली बघत मान हलवायची. माझं डोकं मात्र अजून तापलेलंच. मी थेट मुलालाच विचारलं, "तुम्ही न सांगता कुठं निघून जाता का?"

अण्णांना चहाचा ठसका लागला. तो कानापर्यंत लाल झाला. जरा विचार करून म्हणाला, "बाजाराला जातो. पन सांगून जातो, आन् अंधार पडायच्या आत घरी येतो."

आत गेल्या गेल्या मी वहिनीचा पदर ओढला. "अण्णांना सांग, मला पसंत आहे."