नाल्याला नदी म्हणणाऱ्या आक्का

नदीची इतकी कड घेणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. आणि तीही अशा नदीची, जिला सगळं बेळगाव नाला म्हणतं. या आक्का म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या सासूबाई. माहेर निपाणीकडचं, वेदगंगेच्या काठचं. लग्न होऊन बेळगावातल्या वडगावात आल्या आणि घरामागचं वाहतं पाणी पाहून पहिल्याच सकाळी त्याला हळदकुंकू वाहून आल्या. सासूनं कपाळावर हात मारला, "अगं, त्यो नाला हाय!" नव्या नवरीनं शांतपणे विचारलं, "वाहतंय, मासं हाईत, खेकडं हाईत. मग नदी व्हायला आनि काय पायजे?" रिक्षावाल्यानं "नाल्याजवळच न्हवं?" एवढं विचारलं तरी आक्का तिथेच उतरून उरलेली वाट चालत येत.

त्या सांगत की ह्याच पाण्यावर काठचे मळे पिकायचे, बायका धुणी धुवायच्या, उन्हाळ्यातही तळाचे खडे दिसायचे. पुढे घरं वाढली, गटारं आत सोडली गेली, काळ्या पाण्यावर जलपर्णी पसरली आणि गल्लीनं आपल्या मागच्या खिडक्या कायमच्या लावून घेतल्या. आक्कांची तेवढी उघडी राहिली.

लेकीसुनांचं सगळं मार्गी लागल्यावर त्यांनी नदीच हातात घेतली. कासोटा, पायात मुलाचे गमबूट, हातात आकडा लावलेला लांब बांबू, अशा थाटात त्या रोज कचरा ओढत. एकदा पिशवीत कुजक्या फुलांबरोबर एक लग्नपत्रिका निघाली. आक्का हातपाय धुऊन, बरी साडी नेसून, पिशवीसकट त्या घरी हजर झाल्या. "तुम्ही बोलवायचं इसरला, पर नदीनं पत्रिका पोचवली बगा," म्हणाल्या, नवरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पिशवी पुढच्या सोप्यात ठेवून निघाल्या. यजमान धावत मागे आले, ते माफी मागायला की पिशवी परत द्यायला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पण पुढच्या आठवड्यात त्याच घरातल्या दोन बायका फावडं घेऊन काठावर उभ्या होत्या. हळूहळू गल्ली आली. गटारांची तोंडं वळवून घेतली, करंज लावले. पाणी अगदी काचेसारखं झालं असं नाही, पण वास गेला, आणि एका सकाळी बगळे उतरले.

मग संरक्षक भिंतीचं काम निघालं. जेसीबी आला तेव्हा आक्का मातीच्या उभ्या दरडीवर खुर्ची टाकून बसलेल्या. "तडी, तम्मा," त्यांनी चालवणाऱ्याला कानडीत थांबवलं आणि नुसतं बोट केलं. आम्ही पाहतोय तोवर पाण्यावरून निळं काहीतरी सुळकन आलं आणि दरडीतल्या मुठीएवढ्या बिळात शिरलं. खंड्या! चोचीत मासा होता. आतून बारीक चिवचिवाट ऐकू आला. आम्ही ज्याला इतकी वर्षं गटार म्हणत होतो त्याच्या भिंतीत कुणीतरी घर करून लेकरं वाढवत होतं. चालवणाऱ्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि चप्पल काढून उभा राहिला. त्याला तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं.

काम बघायला आलेले महापालिकेचे साहेब चिडले. "आक्का, भिंत मंजूर झालीय!"

"बांदा की. पर पिल्लं उडू द्या."

"कधी उडणार?"

"ते काय हापिसात कळवून उडत्यात व्हय?"

साहेबांना हसू आवरेना. काम दुसऱ्या टोकाकडून सुरू झालं. पिल्लं उडाली त्या दिवशी आक्कांनी स्वतःच खुर्ची उचलली. "घ्या आता," एवढंच म्हणाल्या. दरड गेली, भिंत झाली.

यंदा त्यांचे गुडघे पार गेले. काठावर उतरणं बंद झालं. गेल्या महिन्यात त्यांना स्कूटरवर मागे बसवून मी येळ्ळूरच्या बाजूला भाताच्या शिवारात नेलं. तिथे हेच पाणी अजून शहरात शिरायचं असतं. काठ मातीचा आहे, आणि त्या काठात मला एक ताजं बीळ दिसलं होतं. आक्का बांधावर बसल्या, साडी घोट्याच्या वर घेतली आणि पाय पाण्यात सोडले. खंड्या आला, गेला, पुन्हा आला. मी बोट दाखवत होतो, पण त्यांची नजर पायांवर होती. बोटांभोवती बारकी मासळी जमली होती.

"आक्का, निघायचं?" बऱ्याच वेळानं मी विचारलं.

"थांब रं जरा," त्या हळूच म्हणाल्या. "पाय हलला तर जातील."