पाणी पाहायला आलेले पाहुणे

आमच्या गावाचा भूगोल एका घोटात कळतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला बालाघाटाचे डोंगर, मध्ये पूर्णेचं खोरं, हे शाळेत घोकलेलं सगळं खरं आहे. पण पूर्णेच्या दोन्ही अंगांना जो सपाट काळा पट्टा पसरलाय, त्यात कुठेही विहीर खणा, पाणी खारंच लागतं. या पट्ट्याला खारपाण म्हणतात आणि आमचं गाव त्याच्या अगदी पोटात. अकोला जिल्हा कुठे संपतो आणि अमरावती कुठे सुरू होतो हे आमच्याकडे फक्त पटवाऱ्याला ठाऊक. पाण्याला त्याचा पत्ता नाही.

इतिहास त्याहून थोडका. आधी मोगलाई होती, मग इंग्रज आले, मग वऱ्हाड प्रांत मध्यप्रांताला जोडला आणि आमचे कागद नागपूरला जाऊ लागले. सरकार बदलल्यानं काय फरक पडला असं म्हाताऱ्यांना विचारलं, की ते विहिरीकडे बोट दाखवत.

राहिली लोकसंख्या. गावात कापूस भरपूर, माणसं कमी. आमच्या मुली लग्न होऊन बाहेर जात, बाहेरच्या मुली मात्र आत येत नसत. त्यामुळे घरटी एखादा तरी ब्रह्मचारी असे, आणि त्यातला एकही विरक्त नव्हता. मुलीकडचे लोक आमच्याकडे मुलगा पाहायला येतच नसत, पाणी पाहायला येत. ओसरीवर टेकायच्या आत तांब्या तोंडाला लावत, एकमेकांकडे पाहत आणि ऊन उतरायच्या आत परत निघत. मुलगा आतल्या खोलीत टोपी घालून बसलेला राही. मी अशी टोपी बरेचदा घातली होती.

शेवटी शेंदूरजनाघाटाकडची एक मुलगी जवळजवळ ठरत आली होती. आम्ही तिला पाहून आलो होतो. डोंगराच्या पायथ्याचं गाव, संत्र्यांची बाग, आणि पाणी असं की मी नुसत्या पाण्यासाठी पुन्हा जेवायला बसलो असतो. आता तिचे वडील आणि मामा आमच्याकडे यायचे होते. माझं वय असं झालं होतं की हे गेले असते तर पुढचे कोणी आलेच नसते.

आई लवकर गेलेली, वडील शेतात, घर आत्याच्या हाती. आत्यानं फर्मान काढलं, "गाडी जुंप अन् वरच्या गावाहून गोड पानी आन. प्याले बी अन् रांधाले बी. एक थेंब आपल्या हिरीचा लागाले नाई पायजे."

"लबाडी होईन ना, आत्याबाई."

"मंग बस टोपी घालून."

मी गाडी जुंपली. स्वतःच्या लग्नासाठी स्वतःच पाणी भरणारा नवरदेव पाहून वरच्या गावच्या बाया विहिरीवर पोट धरून हसल्या. येताना निम्मं पाणी हिंदकळून सांडलं, पण उरलं ते पुरण्यासारखं होतं.

पाहुणे आले. तांब्या दिला. मुलीचे वडील प्यायले, थांबले, पुन्हा प्यायले. "पानी तं गोड हाये," ते मामाला म्हणाले. चहा आला आणि नेहमीसारखं दूध फाटलं नाही. मी आतून आत्याकडे पाहिलं, तिनं पदर सारखा केला. डाळसुद्धा इतक्या लवकर शिजली की ती दचकली होती. आमच्या पाण्यात डाळ अर्धी दुपार घेते.

देवाला नैवेद्य दाखवला आणि पंगत बसली. मी पहिला घास घेतला आणि माझा हात ताटातच राहिला. वरण अळणी. भाजी अळणी. कढीसुद्धा अळणी. आत्यानं जन्मभर ज्या हातानं मीठ घातलं त्याच हातानं आजही घातलं होतं. आमच्या पाण्यालाच मीठ असतं, म्हणून चिमूटभर पुरे. आणि नैवेद्याआधी चाखायचं नाही, त्यामुळे तिला कळायचं काही कारणच नव्हतं.

मुलीच्या वडिलांनी मीठ मागितलं. वाढलं. थोड्या वेळानं पुन्हा मागितलं. मग त्यांनी सरळ आत्यालाच विचारलं, "बाई, मीठ रोज येवढंच टाकता का?"

"हो. आमच्या घरी येवढंच लागते," आत्या अभिमानानं म्हणाली.

"काहून लागते येवढंच?"

माझ्या वडिलांनी घाईघाईनं पाहुण्यांना आणखी पोळीचा आग्रह केला. पाहुणे नको म्हणाले, हात धुतले आणि विचारत विचारत मागच्या विहिरीवर गेले. मुलीच्या वडिलांनी स्वतः बादली सोडली, ओंजळभर प्यायले. थुंकले नाहीत, एवढं मी पाहिलं. मग म्हणाले, "एक कळशी भरून द्या. जिले जलमभर प्याचं हाये, तिले पाजून पाहतो."

कळशी गाडीत बसली, पाहुणे गेले. आत्या चुलीपुढून उठली नाही. मी टोपी खुंटीला लावली, बहुतेक कायमचीच.

होळी झाल्यावर मामा एकटेच आले. आत्यानं त्यांना विहिरीचंच पाणी दिलं. लपवायला काही उरलं नव्हतं. ते बसल्या बसल्या सांगू लागले, "पोरीनं पानी पेलं नाई, बाई. थ्या पान्यात वरण लावलं. शिजता शिजता दुपार गेली. मीठ नाई टाकलं. बापाले वाढलं, सांगतलं काई नाई. तो गुमान जेवला, वरून आनिक मांगतलं."

"मंग?"

"मंग म्हणते, रांधाले जमते. पन प्याले नाई जमत. पाव्हण्यासाठी जुंपली थे गाडी सोडाची नाई, मंग येते."

"अन् रोज गाडी हाकन कोन?" आत्यानं विचारलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. आत्यानंही पाहिलं. वडील बैलांकडे पाहत होते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. बैल दोनदा बदलले, हाकणारा तोच आहे. घरात दोन रांजण आहेत, एक रांधायचा, एक प्यायचा. आमचं पाहून गावात आणखी सुना आल्या, आणि येताना प्रत्येकीनं हीच अट घातली. आता वरच्या गावच्या वाटेवर गाड्यांची रांग लागते. मागच्या गाडीवरचे नवरे मला नाव घेऊन शिव्या देतात, पुढचे मागे वळून देतात. गावची वस्ती वाढली असं तालुक्याचे मास्तर कौतुकानं म्हणाले, तेव्हा मी त्या रांगेकडे बोट दाखवलं.

आजही गाडी जुंपली की ही दारातून ओरडते, "अवो, सांडत आनू नका!" तिच्या माहेरी ती अर्धी सांडलेली पहिली खेप कोणी सांगितली, हे मला अजून कळलेलं नाही. वरच्या गावच्या बायांवर माझा संशय आहे.