भटूचं खाटलं

आमच्या पिंपळनेरात भटू दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध. एक, जळगावकडची वांगी मागवून कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर केलेलं त्याचं भरीत. दुसरी, त्याचा आवाज. स्वतःला एचआयव्ही असल्याचंही त्याने भर पंगतीत, वाढता वाढता सांगून टाकलं होतं. "मी रोज गोळी खास, ठणठणीत शे. लसूण जास्त टाकू का?" लोक चपापले, मग त्यांनी लसूण जास्त मागितला.

असा माणूस या हिवाळ्यात गप्प झाला आणि आपलं खाटलं उचलून शेतात झोपायला गेला. म्हणे, "कांदाले राखण लागस." शेतात तेव्हा कांद्याचं नुसतं रोप होतं!

खरं कारण त्याने धुळ्याच्या एसटीत सांगितलं. गोळ्या आणायला तो मला सोबत नेतो. या खेपेला त्याची बायको ताईबाईही हट्टाने आली होती. ती मागच्या सीटवर पेंगतेय हे पाहून तो कुजबुजला, "भाऊ, तुनी वहिनीजोडे मनाकडथीन काहीच व्हत नई. हाऊ गोळ्यासनाच परताप शे. बंद करी टाकस."

गोळ्या बंद म्हणजे भटू बंद, एवढं मलाही कळत होतं. "आधी डॉक्टरांना विचार," मी म्हटलं.

दवाखान्यात डॉक्टर या खेपेला नव्या, त्यात नेमक्या बाई निघाल्या. ताईबाई बाहेर बाकावर बसली. भटूने पंख्याकडे पाहिलं आणि खणखणीत म्हणाला, "मॅडम, मना या दोस्तले तरास शे. बायकोजोडे जमत नई."

मी खुर्चीतून उडालोच. शिवी ओठांवर आली. पण टेबलाखाली भटूने माझं मनगट धरलं होतं, आणि निखाऱ्यातून वांगी उलटणारा तो हात सोडायला तयार नव्हता. "हो मॅडम," मी म्हणालो. "मलाच."

"शुगर? तंबाखू?" प्रश्न मला, उत्तरं भटूची. "तोबी एचआयव्हीन्या गोळ्या खास. बंद करू का त्या?"

"मुळीच नाही! हा त्रास पुष्कळांना होतो. कधी शुगर, कधी हार्मोन, कधी मनावरचं ओझं, क्वचित एखादं औषधही. तपासू, इलाज आहे. फक्त दुकानातून परस्पर ताकदीची गोळी आणू नका. तुमच्या औषधांशी ती भांडू शकते."

"मॅडम," दारातून ताईबाई म्हणाली, "भाऊले कशाले तपासतस? तरास मना मानूसले शे. त्याले एवढं सांगा, खाटलं घर आन. मनासंगे बोलाले कोनीच नई ऱ्हायनं."

भटूने पंखा सोडून बायकोकडे पाहिलं. मग गोळ्यांची पिशवी तिच्या हातात दिली.

संध्याकाळी तो शेतातलं खाटलं डोक्यावर घेऊन गावातून घराकडे निघाला. पारावरून कुणीतरी विचारलं, "काय भटू, राखण व्हई गयी का?"

"व्हई गयी!" अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं, आणि त्या तोऱ्यात खाटलं भिंतीवर आदळलं.

"हळू," मागून ताईबाई म्हणाली. "खाटलाना पाय मोडशी."