पायवाटेवरची पंगत

परका माणूस म्हणजे काय, हे माझ्या मामांना अजून कुणीच समजावून सांगू शकलेलं नाही; जर्मनीनंही प्रयत्न करून पाहिला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअर झाले आणि नोकरीपायी जर्मनीतल्या एका चिमुकल्या खेड्यात जाऊन राहिले. आईनं चाकूरहून भावाला पाठवलं, ते एकच काम सांगून : "पोरगी एकटी पडली असंल, तर संगं घेऊन ये."

मामा तपासाला आले ते ज्वारीचं पीठ आणि शेंगाची चटणी घेऊन. दिसेल त्याला हात जोडून "जय भीम!" माणसं आधी दचकली, मग त्यांचेही हात जुळायला लागले. लाकडी पट्ट्यांची शेकडो वर्षांची घरं मी मोठ्या कौतुकानं दाखवायची, तर मामा भिंत बोटांनी वाजवून बघायचे. एका कललेल्या घरापुढं म्हणाले, "पडंना कसं? आतल्या मानसांचं पटत असंल." शेतातल्या पायवाटेला लागलं की ढेकूळ फोडून माती हुंगायची आणि भेटेल त्याच्याकडं बोट दाखवून मला विचारायचं, "हे तुला वळखतेत का?" मी सांगायची, "मामा, इथं कुणी कुणाच्या मधे पडत नाही." मामा नुसती मान डोलावून "हाव" म्हणायचे. त्या 'हाव'ची मी धास्तीच घेतली. परतीला दोन तिकिटं निघणार, असं वाटायला लागलं.

शेवटच्या रविवारी टेकडीवरच्या बाकावर आम्ही भाकरीचं फडकं सोडलं, तोच एक म्हातारं जोडपं काठ्या टेकत आलं. मामा उठून उभे राहिले. "या जेवायला!"

आमच्याकडं हे म्हणायचंच असतं, आणि समोरच्यानं "चालू द्या" म्हणत पुढं जायचं असतं. गावात मामांनी जन्मभर "चालू द्या"च ऐकलं. काहींचं पोट खरंच भरलेलं असायचं.

"काय म्हणतात?" आजीबाईंनी मला विचारलं. मी सांगितलं. दोघं एकमेकांकडं बघून चक्क बसली.

 मामांनी स्वतःची भाकरी मोडून त्यांच्या हातावर ठेवली. चटणीनं आजोबांचं नाक लाल झालं, तसे मामा माझ्यावरच ओरडले, "पानी दे की, बघत काय बसलीस!"

घरी येऊन आईला फोन. "अक्का, राहू दे पोरीला. हितं लोक बसून जेवतेत."

मामा एकटेच परतले. आता गुडघे त्यांना चाकूरच्या बाहेर जाऊ देत नाहीत. त्या आजीबाई माझ्या कुंपणापाशी हात जोडून विचारतात, मामा कधी येणार? मी "येतील" म्हणते. आणि रविवारी त्या बाकावर डबा उघडताना आधी वाटेकडं बघून घेते, दोन्ही बाजूंना.