घडी न मोडलेल्या ओढण्या

देवपूरच्या आमच्या घरात एक लोखंडी कपाट आहे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गावोगाव फिरून जमवलेल्या जुन्या रेशमी ओढण्या त्यात आहेत. त्यांना हात लावायची आम्हाला बंदी. रेशमाची घडी दरवर्षी बदलावी लागते, हे आई सांगून सांगून थकली. ताईने स्वतःच्या लग्नात डोक्यावर घ्यायला लाल बांधणीची ओढणी मागितली, तर हा माणूस म्हणाला, "घडी मोडेल." ताई बाजारातली नायलॉनची ओढणी घेऊन बोहल्यावर उभी राहिली. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

यंदा ताईच्या मुलीचं लग्न ठरलं आणि आबांनी आपणहून तीच लाल ओढणी बाहेर काढली. उलगडायला लागले, तशी ती प्रत्येक घडीवर सरळ चिरत गेली. आबांसारख्याच ओढण्या जमवणारे चाळीसगावचे नाना शेजारी बसले होते. स्वतःच्या ओढण्यांबद्दल ते हळूच अहिराणीत म्हणाले, "मन्या बी बठ्ठ्या अश्याच शेतस. म्हनीसन मी कपाट उघाडतच नही."

आबांनी ओढणीच्या त्या पट्ट्या एकावर एक नीट ठेवल्या आणि पुन्हा तीच घडी घातली.