धुळ्यात गुप्त भाषा

बाळांनो, व्हिडिओवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू सकाळी सहाला शिट्टी घेऊन कुठे जातेस?" उत्तर लांबलचक आहे आणि ते संपेपर्यंत तुम्ही फोन ठेवाल, म्हणून लिहूनच पाठवते.

लग्न होऊन जळगावात आले त्याला बेचाळीस वर्षं झाली. इथल्या मुलांना इंग्रजी शिकवलं, इथल्या उन्हात वाळले, भरताची वांगी पारखायला शिकले. तरी कॉलनीत माझी ओळख एकच: "या पुण्याच्या." पाहुण्याने किती दिवस राहावं याला काही सुमार असतो. मी तो केव्हाच ओलांडला होता, पण मला घरचं करून घ्यायला कोणी तयार नव्हतं.

निवृत्त झाल्यावर माझं लक्ष मैदानातल्या बास्केटबॉलच्या खांबाकडे गेलं. नारळ फोडून त्याचं उद्घाटन तीनदा झालं होतं, खेळ एकदाही नाही. नवरात्रात त्याला मंडपाच्या दोऱ्या, एरवी गाद्या. कॉलेजात मी चार वर्षं खेळले होते. गाद्या उतरवल्या आणि नऊ मुली गोळा केल्या. कॉलनीच्या अध्यक्षांनी विचारलं, "मॅडम, या वयात?" मी म्हटलं, "मुली बारा-तेरा वर्षांच्या आहेत, अगदी योग्य वय आहे."

सुरुवातीला मी शुद्ध इंग्रजीत सूचना देत असे. मुली "यस मॅडम" म्हणत आणि जागच्या हलत नसत. शेवटी कॅप्टन बोलली. तिचे वडील डाळमिलमध्ये कामाला. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही ओरडता ना, तेव्हा निबंध तपासताय असं वाटतं. आमच्या भाषेत सांगा."

बहुतेक मुलींची घरं मूळची पारोळ्याकडची, म्हणजे घरात अहिराणी, ही इकडची खानदेशी बोली. मी वही केली, समास आखला. आठे म्हणजे इथे, तठे म्हणजे तिथे, मांगे म्हणजे मागे, पय म्हणजे पळ. एवढ्यात सगळा बास्केटबॉल बसतो. माझा 'पय' ऐकून मुली पोट धरून हसत, पण पळत.

मग नाशिकचा संघ आला आणि आम्ही जिंकलो, कारण मी काय ओरडते ते त्यांना कळतच नव्हतं. माझ्या शहाणपणाला भरतं आलं. मी जाहीर केलं, "यापुढे अहिराणी ही आपली गुप्त भाषा!" मुलींनी टाळ्या वाजवल्या. पुढचा सामना धुळ्याला होता. धुळ्याला, जिथे रिक्षावाल्यापासून कचेरीतल्या साहेबापर्यंत जो तो अहिराणी बोलतो! दहा डोकी असून एकातही उजेड पडला नाही.

सामना सुरू झाला. मी ओरडले, "तठे दे!" चेंडू हातातून सुटायच्या आत धुळ्याची एक उंच मुलगी तिथे हजर. "मांगे पय!" म्हटलं की आमच्या आधी त्यांच्याच मुली सावध. मला वाटलं, काय ही चपळाई! यांना दूध कोणतं देतात विचारलं पाहिजे.

मध्यंतरात त्यांचे प्रशिक्षक आले. पांढऱ्या मिशा, सगळे त्यांना नाना म्हणत. हात जोडून म्हणाले, "मॅडम, असंच सांगत राहा बरं. हाई ते आमनीच बोली शे, आमचीच बोली आहे ही. मला आज तोंड उघडावं लागलं नाही."

कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं. मी शिट्टीकडे पाहिलं.

उरलेल्या वेळात मी मुकी झाले, आणि मुली तोपर्यंत बावचळलेल्या. वीस गुणांनी हरलो. हात मिळवताना नानांनी सहज विचारलं, "मॅडम मूळच्या कुठल्या? पुण्याच्या वाटतात."

"हो" माझ्या जिभेवर आलंच होतं. पण कॅप्टन हरल्याच्या रागात मध्ये घुसली.

"पुण्याच्या कसल्या, नाना! पुण्याची बाई घरातून निघायच्या आधी चार ठिकाणी चौकशी करते. धुळ्यात येऊन अहिराणीत गुपितं ओरडायचा येडेपणा आमच्या जळगावचाच. हाई बाई आमनी शे!"

बाकीच्या आठ जणींनी माना डोलावल्या. नाना म्हणाले, "ते दिसतंच आहे."

या उद्धटपणाबद्दल कॅप्टनला मैदानाच्या पाच फेऱ्या मारायला लावायला हव्या होत्या. लावल्या नाहीत. वीस गुणांनी हरून इतकी खूश होणारी प्रशिक्षक कोणत्याही संघाच्या वाट्याला येऊ नये. यांच्या आली आहे, आणि त्या मला बदलायला तयार नाहीत.