पंचेचाळीस मिनिटांचं पाणी

ताईच्या लग्नाच्या अल्बममध्ये भाऊजी एकाही फोटोत समोर बघत नाहीत. तीन फोटोंत ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघताहेत आणि चौथ्यात दाराकडे. आमची आई तेव्हा सगळ्यांना सांगत सुटली होती की जावई फार लाजाळू आहे. जावई लाजाळू वगैरे काही नव्हता. त्या दिवशी त्याच्या जागी बॉयलरवर जो माणूस उभा केला होता, त्याचा त्याला भरवसा वाटत नव्हता.

भाऊजी एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यातला बॉयलर सांभाळायचे. चौतीस वर्षं, तोच एक. त्याच्या वाफेवर चादरी धुतल्या जात, हत्यारं उकळत आणि उरलेल्या उबेवर ताईचा संसार जेमतेम शिजे. भाऊजींच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी त्यांना बजावलं होतं, पेटलेल्या बॉयलरकडे पाठ करायची नाही. पाळी संपली म्हणून निघायचं नाही. बदलीचा माणूस यायला हवा, त्याने पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेला हात लावायला हवा, जाणाऱ्याने पाणी किती, दाब किती, आग कशी ते सांगायला हवं आणि येणाऱ्याने "घेतला" म्हणायला हवं. तो शब्द ऐकल्याशिवाय भाऊजींनी कधी आपला डबासुद्धा उचलला नाही. बदलीची माणसं मात्र माणसांसारखी होती. त्यांच्या सायकली पंक्चर व्हायच्या, त्यांच्या सासूबाई आजारी पडायच्या.

माझ्या लग्नाला भाऊजी दोन तास होते, आणि ते दोन तासही त्यांनी उभ्यानेच काढले. बाहेरगावी मुक्काम कधी केला नाही. भाची तर त्याच इस्पितळात जन्मली, बॉयलरपासून साठ पावलांवर, आणि बाप पोचला पाऊण तासाने, कारण बदलीवाला उशिरा आला. हा पाऊण तास ताईने एकतीस वर्षं जपून ठेवला आहे. भांडण साखरेवरून सुरू होवो की पंख्यावरून, शेवटी गाडी तिथेच येऊन थांबते. भाऊजींचं उत्तरही ठरलेलं.

"पण वॉर्डात पाणी गरम होतं की नाही?"

घरीही ते जेवायला बसतात ते गॅसकडे तोंड करून. त्यांच्या घरात आजवर दूध उतू गेलेलं नाही, हे ताई कबूल करते, फक्त कौतुकाने करत नाही. बसल्या जागी डुलकी घेणं त्यांच्या लेखी चोरीच्या खालोखाल. कुणाकडे गेलो आणि जेवणं झाल्यावर सगळे लवंडले, तरी हे एकटे खुर्चीत ताठ, जणू यजमानांचं घर चुलीवर ठेवलंय.

म्हणून ते निवृत्त झाले त्या आठवड्यात ताई बाजारात जाऊन दोन बॅगा घेऊन आली. एक निळी, एक तपकिरी. भाची बसने चार तासांवर राहते. तिने घर घेतलं त्याला दोन वर्षं झाली होती. ताई एकटी जाऊन आली होती, भाऊजींनी ते दारही पाहिलं नव्हतं. ताईला फार काही नको होतं. एकदा नवऱ्याबरोबर लेकीकडे आठ दिवस. दोघांनी एका बसने जायचं आणि एका बसने यायचं. भाऊजी म्हणाले, जाऊ की, तेवढी बोट झाली की.

कुठली बोट, ते ताईला दुसऱ्या दिवशी कळलं, जेवणाच्या टेबलाला पत्रा पकडायचा लोखंडी शिकंजा ठोकलेला दिसला तेव्हा. इस्पितळाने बॉयलर काढून विजेची यंत्रं आणली होती. जुना बॉयलर तीन तुकडे करून भंगारात नेला, तो भाऊजी उभे राहून बघून आले होते. आता त्यांना वाफेची बोट करायची होती. हातभर लांब, दोन्ही अंगांना चाकं, आणि चाकांनी पाणी मागे सारत जाणारी. मी त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते, तेव्हा पहिली चौकशी मीच केली. बोटच का?

"चौतीस वर्षं एका जागी उभा बघितला," ते म्हणाले. "एकदा चालताना बघायचाय."

"मलाही," आतून ताई म्हणाली.

त्यानंतर सात महिने त्या घरात जेवणं मांडीवर झाली. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याच्या नळ्या आल्या. तांब्याचा पत्रा गॅसवर लाल करून पाण्यात बुडवला की मऊ पडतो, मग तो ठोकून बॉयलरची झाकणं होतात, हे ताईला नको असताना समजलं. चाकांच्या पात्यांना पातळ पत्रा हवा होता म्हणून बिस्किटांचा डबा कापला. आतली बिस्किटं एका ताटात काढून ठेवली होती, तेवढी माणुसकी होती. दट्ट्या सिलिंडरमध्ये घट्ट बसावा म्हणून त्याला तेलात भिजवलेला दोरा गुंडाळायचा होता, तो ताईच्या शिवणाच्या डब्यातून गेला. तोही नेमका मोरपंखी.

आणि इंजिन चाललं. टेबलावर, बोटीशिवाय. इवलासा सिलिंडर मान डोलावत होता, चाक भिरभिरत होतं, शिट्टीसुद्धा वाजली. भाऊजी समोर वही घेऊन बसले आणि दर पाच मिनिटांनी दाब लिहीत गेले. ताईने मला हाक मारून बोलावलं होतं, "ये, बाळ रांगायला लागलंय, दृष्ट काढायला हवी." आम्ही पहिली दहा मिनिटं कौतुकाने बघितलं, पुढची दहा भिडेखातर. मग ताई कुकर लावायला गेली, मी घरी जाऊन कपडे वाळत घातले, परत आले तरी ते चालूच होतं.

दुसऱ्या दिवशी बोट कपडे भिजवायच्या टबात सोडली. सोडली म्हणजे ठेवली, आणि ती जी बसली ती बसलीच. चाकाची पाती दोन बोटं बुडली तर बोट पुढे जाते. इथे चाकं पार आसापर्यंत बुडाली. वाफ झाल्यावर त्यांनी पाणी मागे सारण्याऐवजी वर उडवलं, भिंतीवर, आरशावर आणि भाऊजींच्या चष्म्यावर. बोट तसूभर हलली नाही.

जड झाली, यात शंका नव्हती. भाऊजींनी मोठ्या बॉयलरला जे जे होतं ते ते सगळं हिला दिलं होतं. जास्तीची वाफ सोडणारे व्हॉल्व्ह दोन, एक बिघडला तर दुसरा. दाबाचं घड्याळ, पाण्याची काच, खालून पाणी काढायची तोटी. आणि या सगळ्याखाली तो गरगरीत बॉयलर. ताई मोरीच्या दारात टॉवेल घेऊन उभी होती. यंत्रातलं तिला कळत नाही, पण पातेली कळतात.

"बागेतलं तळं ओलांडायला किती वेळ लागेल?" तिने विचारलं.

"चार मिनिटं."

"आणि आत पाणी किती वेळाचं आहे?"

"पंचेचाळीस."

"दोन कप चहाला हा लग्नातला टोप कशाला, अहो?"

भाऊजींनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग टबाकडे बघत म्हणाले, "तो बदलीवाला त्या दिवशी पंचेचाळीस मिनिटं उशिरा आला होता. बॉयलरला तेवढा वेळ कुणी बघायला लागलं नसतं, तर मी आलो असतो."

ताईने टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली.

"ती आता एकतीस वर्षांची आहे," ती शेवटी म्हणाली. "आणि तळं चार मिनिटांचं आहे."

दोन दिवस भाऊजींनी हातोडीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा ठोकाठोकी सुरू झाली. नवा बॉयलर अंड्यापेक्षा थोडा मोठा. पाणी सहा मिनिटांचं आणि दिव्यात स्पिरिट पाच मिनिटांचं, म्हणजे पाणी संपायच्या आधी आग विझणार. दुसरा व्हॉल्व्ह त्यांनी काढला, परत लावला, परत काढला. ताईने तिकडे लक्षच दिलं नाही. ती बसस्टँडवर जाऊन एका सोमवारची दोन तिकिटं काढून आली. मला येऊन म्हणाली, तू आपली तयारीत राहा, हे नाही आले तर त्यांच्या जागेवर तू बस. स्वर चेष्टेचा होता, पण दोघांची तिकिटं तिने प्रथमच काढली होती, आणि निळी बॅग भरलेली होती. तपकिरी रिकामी होती. मीही आपली एक पिशवी भरून ठेवली.

आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, आम्ही तिघं बागेत गेलो. तळं गुडघाभर पाण्याचं, काठाला सिमेंटचा कट्टा. भाऊजींनी थर्मासमधून गरम पाणी भरलं, दिवा पेटवला, चाकाला बोटाने ढकललं. चाकं पाण्यात अगदी दोन बोटं बुडालेली. बोट हातातून ओढ घेऊ लागली. मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात ताईने बोटीच्या मागच्या बाजूकडे बोट दाखवलं. तिथून एक दोरा निघाला होता. मोरपंखी. त्याचं दुसरं टोक भाऊजींच्या मनगटाला.

बोट वावभर गेली, दोरा ताणला, बोट वळली आणि खुंटीला बांधलेल्या शेळीसारखी गोल फिरायला लागली. एक फेरी, दुसरी फेरी. कट्ट्यावर पेपर वाचणाऱ्या एका म्हाताऱ्याने पेपर खाली घेतला.

"सोडा आता," मी म्हटलं.

"पेटलेला आहे," भाऊजी म्हणाले.

त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि दुसऱ्या हातानेही त्यांनी दोरा घट्ट धरला होता. चेष्टा करावी असं काही त्यात नव्हतं. ताई उठली, पदर खोचला आणि तळ्याला वळसा घालून चालू लागली. मला क्षणभर वाटलं, गेली घरी, उद्या माझी पिशवी निघणार. पण ती पलीकडच्या काठावर बरोबर समोर जाऊन उभी राहिली. इतकी वर्षं ऐकलेलं तिला पाठ होतं.

"पाणी किती?" तिने तिथून विचारलं.

भाऊजींनी मान वर केली. "अर्ध्याच्या वर," ते म्हणाले.

"दाब?"

"बरोबर आहे."

"आग?"

"ठीक."

"घेतला," ताई म्हणाली.

भाऊजींनी मनगटावरचा दोरा सोडला. त्यांच्या हाताने सवयीने आधी शेजारी डबा चाचपला, तो नव्हता, मग हात मागे बांधले. बोट फट फट करत सरळ निघाली. मागे मोरपंखी शेपूट. बदकं असती तर बाजूला झाली असती.

गोल फेऱ्यांत दीड मिनिट गेलंच होतं. पलीकडचा काठ तीन-चार हातांवर आला आणि दिवा विझला. चाकं मंदावली, थांबली. ताईने इकडे तिकडे काठीबिठी बघितली, नाही मिळाली. मग ती सरळ चपलांसकट पाण्यात उतरली, बोट धरली, दिव्यावर एकदा फुंकर मारून घेतली आणि ओरडून सांगितलं की विझलाय, सगळं ठीक आहे. भाऊजी वळसा घालून तिच्याकडे गेले. पळत नाही, चालत. तिला हात देऊन बाहेर काढताना त्यांनी काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही. तिने काय म्हटलं ते सगळ्या बागेला आलं, नव्या चपलांबद्दल होतं.

दुसऱ्या वेळी बोट पूर्ण पलीकडे गेली. पण ताई तेव्हा कट्ट्यावर साडीचा काठ पिळत बसली होती, तिने पाहिली नाही.

सोमवारी सकाळी मी पिशवी घेऊनच वर गेले. आपण तयार असलेलं बरं. दारात निळी बॅग होती आणि तिला टेकून तपकिरी, चेन न लागण्याइतकी भरलेली. ताई जिन्यापाशी पोचली होती. भाऊजी मात्र स्वयंपाकघरात गॅससमोर उभे होते. बस सुटायला वीस मिनिटं होती.

"अहो, बंद आहे तो," ताई म्हणाली. "मी तीनदा बघितलाय."

भाऊजी जागचे हलेनात. ते माझ्याकडे बघत होते. मला समजायला थोडा वेळ लागला. मग मी पिशवी खाली ठेवली, पुढे झाले आणि सिलिंडरच्या खटक्याला हात लावला.

"सिलिंडर अर्धा आहे," ते म्हणाले. "खटका बंद. शेगडी थंड."

"घेतला," मी म्हटलं.

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि एकदाही मागे न बघता जिना उतरले.

तासाभराने फोन आला. मला वाटलं भाऊजी असणार, खटक्याची चौकशी. ताई होती, आणि इतकं हळू बोलत होती की मला नीट ऐकू येईना. बसमध्ये काही झालं का, मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "झोपलेत."